एका हातात लाठी, दुसऱ्या हातात बॅटरी

पोलिसाच्या हातातली जाडजूड बॅटरी जगभर दोन कामांसाठी वापरली गेली. एक, अंधारात पाहण्यासाठी आणि दुसरे, वेळ आली तर मारण्यासाठी. अमेरिकेत ही दोन्ही कामे एकाच धातूच्या नळीत एकत्र आली आणि त्यातून माणसे मेली. मुंबईच्या उपनगरांत मात्र बॅटरी मुख्यतः उजेडाचीच वस्तू राहिली, कारण इथल्या शिपायाच्या उजव्या हातात लाठी आधीपासूनच होती. वरवर पाहता हा फरक साधनांचा वाटेल. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतली रात्रगस्त कशी घडली आणि तिच्यात काय कमी पडले, हे समजून घ्यायचे तर याच फरकापासून सुरुवात करावी लागते. पोलिसांच्या बंदुकांवर आणि गणवेशावर पुष्कळ लिहिले गेले. बॅटरीकडे कुणी फारसे पाहिले नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

विजेच्या बॅटरीआधी पोलिसाच्या कमरेला तेलाचा कंदील असे. लंडनच्या शिपायांचा तो कंदील पुढे फुगीर जाड भिंग असलेला, आत वात आणि बाजूला फिरणारी झडप, अशा घडणीचा होता. झडप फिरवली की वात न विझवता उजेड झाकता येई. तो तापायचा, धूर सोडायचा, कपड्यांना तेल लावायचा. १८९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल यांच्या नावे नळीच्या आकाराच्या विजेच्या दिव्याचे पेटंट निघाले. कॉनरॅड ह्युबर्ट यांच्या कंपनीने सुरुवातीचे काही दिवे न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले आणि त्यांची शिफारस जाहिरातीत छापली. म्हणजे हातातल्या विजेच्या बॅटरीची पहिली मोठी प्रसिद्धी पोलिसांच्याच तोंडून झाली. तेव्हाचे सेल इतके दुबळे आणि कार्बनची तार इतकी खादाड की दिवा सलग जळत नसे. क्षणभर लावायचा, विझवायचा, पुन्हा लावायचा. पुढे टंगस्टनची तार आली तेव्हा कुठे सलग उजेड हाताला मिळाला.

मुंबई शहराची रात्रीची राखण त्याहून फार जुनी. जेराल्ड आँजिअरने १६६९ मध्ये भंडारी समाजातल्या लोकांची पलटण उभी केली, ती शहराच्या पोलीस दलाची सुरुवात मानली जाते. १८६४ मध्ये फ्रँक साउटर पहिले पोलीस आयुक्त झाले आणि पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, शहराच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. आयुक्तालय आणि रस्त्यावरचा दिवा असे जवळजवळ एकाच वेळी आले. पण हे सारे बेटावरच्या शहरात. माहीमची खाडी ओलांडली की साष्टी, म्हणजे भातशेती, ताडामाडाच्या वाड्या, कोळीवाडे, मिठागरे आणि डोंगर. १९२० मध्ये साष्टीतून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. उपनगरांना वीज पुरवणारी बीएसईएस कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे बोरिवलीत विजेची गाडी आधी आली आणि घरोघरची वीज मागून हळूहळू पोचली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. मुलुंडचा आखीव रस्त्यांचा नकाशा १९२० च्या दशकातच तयार झाला होता, तरी मुलुंड-भांडुप आजही मुख्यतः महावितरणच्या विजेवर चालते आणि शेजारचे घाटकोपर दुसऱ्या कंपनीच्या. हद्दी, कंपन्या, पालिकेचे वॉर्ड यांच्या सांध्यांवर दिव्याच्या खांबांची रांग तुटते आणि बॅटरीचे काम तिथून सुरू होते.

उपनगरातला अंधार सगळीकडे एकसारखा नाही. भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला मिठागरांचा अंधार सपाट असतो. त्यात दूरवर हलणारा ठिपका दिसतो, पण तो माणूस आहे की कुत्रा हे कळत नाही. गोराई आणि वर्सोव्याच्या बाजूला तिवरांचा अंधार असतो, तिथे बॅटरीचा झोत दहा पावलांवर पानांत अडकतो. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत गल्ली इतकी अरुंद की मोठ्या बॅटरीचा उजेड समोरच्या पत्र्यावर आपटून धरणाऱ्याच्याच डोळ्यांवर परत येतो. आरे आणि बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला अंधार जिवंत असतो. या चार अंधारांना एकच बॅटरी पुरत नाही. खरेदीचे कागद लिहिणाऱ्यांनी हे कधी ध्यानात घेतल्याचे मला दिसत नाही.

जुनी बॅटरी हातात घेतली की तिची घडण लगेच कळते. पितळी पत्र्याची नळी, वर निकेल किंवा क्रोमचा मुलामा, पकड घट्ट राहावी म्हणून अंगावर उभ्या रेघा. डोक्याशी काच, तिच्यामागे चांदीसारखा चकचकीत वाडगा आणि वाडग्याच्या मध्यावर बारीक बल्ब. डोके फिरवले की बल्ब वाडग्याच्या केंद्राशी मागेपुढे सरकतो. झोत कधी सुईसारखा लांब जातो, कधी पसरून अंगणभर होतो. बाजूला सरकते बटण आणि बहुतेकांत त्याच्यालगत दाबून उजेड चमकवण्याचे छोटे बटण. तळाच्या झाकणात स्प्रिंग, काहींत त्याच झाकणात जादा बल्बसाठी खाच आणि झाकणाबाहेर टांगायची कडी. दोन सेल, तीन सेल, पाच सेल अशी तिची प्रतवारी. मोठा सेल ६१ मिलिमीटरच्या आसपास लांब आणि ३३-३४ मिलिमीटर जाड, दीड व्होल्टचा. तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट. उजेड मात्र आजच्या मापाने अगदी बेताचा, दोन-तीन सेलच्या साध्या बल्बचा दहा-वीस ल्युमेनच्या घरातला. पण त्या काळी आजूबाजूला इतका दाट काळोख होता की तेवढ्या उजेडातही काम होत असे.

सेलच्या आतली रचना समजली की हवालदारांच्या सवयींचे कारणही समजते. बाहेरचे भांडे जस्ताचे, मध्ये कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि नवसागराचा लगदा. वीज देताना जस्ताचे भांडेच झिजते. म्हणून जुना सेल गळतो, पितळ हिरवे पडते आणि झाकण असे धरते की पकडीशिवाय निघत नाही. दिवा सलग जळत ठेवला की सेलचा दाब पडतो, थोडी विश्रांती दिली की थोडा परत येतो. म्हणून रात्रपाळीचा जुना शिपाई बॅटरी सलग लावून चालत नसे. लावायची, पाहायची, विझवायची आणि डोळे काळोखाला सरावले की चालायचे. शोधायची ती जागा अगोदर कानाने ठरवायची आणि मग तिच्यावर झोत टाकायचा. चुकून बटण सरकून सेल संपू नये म्हणून घरी जाताना एक सेल उलटा घालून ठेवायचा. मेलेल्या सेलांना उन्हात ठेवून आणखी एक-दोन रात्री ओढायच्या. ही काटकसर होती, तशीच ती चांगली गस्तही होती, कारण जो सतत उजेड पाजळत चालतो त्याला सगळा मोहल्ला दुरून पाहतो आणि त्याला मात्र झोताबाहेरचे काहीच दिसत नाही.

आपल्याकडे या बॅटऱ्या बहुतेक एव्हरेडीच्या, काही अलाहाबादच्या जीपच्या. एव्हरेडी ज्या युनियन कार्बाइडची, तिने १९५८ मध्ये लखनौला बॅटऱ्यांचा कारखाना काढला आणि पितळी ‘जीवन साथी’ घराघरांत पोचली. याच कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यातून २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला, हे बॅटरीचा इतिहास सांगताना वगळता येत नाही. पुढे कंपनीची मालकी बदलली आणि तिचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. लाल रंगाचे सेल मात्र तेच राहिले.

बॅटरी बाळगायची कशी, याला इथे कधी ठरलेली शिस्त नव्हती. अमेरिकेत पट्ट्याला चामड्याची किंवा धातूची कडी असते, बॅटरी तिच्यात उलटी टांगायची. इथल्या शिपायाच्या पट्ट्याला तसे काही नसे. निळा गणवेश, हाफ पँट आणि पिवळी चपटी टोपी, अशा वेषातल्या त्या जुन्या शिपायाच्या उजव्या हातात लाठी आणि खिशात शिट्टी. बॅटरी डाव्या हातात, नाहीतर काखेत. कडीतून सुतळी ओवून मनगटाला अडकवली की पळताना ती हातातून निसटत नाही. सायकल असेल तर हॅंडलला लटकवायची. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावायचा. झोत थोडा मंद होतो, पण पाणी आत जात नाही. वही लिहायची असेल तर बॅटरी मानेत आणि खांद्यात धरायची. हातांचा हा हिशेब रात्रीच्या पोलिसाला फार महाग पडतो. अंधारात एखाद्याला थांबवले तर एका हातात लाठी, दुसऱ्यात उजेड; मग त्याचे मनगट धरायचे कोणत्या हाताने? म्हणून गस्त दोघांची असते. एकाने उजेड धरायचा आणि एकाने माणूस धरायचा. मनुष्यबळ कमी पडले आणि एकट्याला पाठवले की पहिला धोका इथेच निर्माण होतो.

पिस्तूलधारी अधिकाऱ्यांसाठी अमेरिकेच्या एफबीआयने एक पद्धत शिकवली होती. बॅटरीचा हात शरीरापासून दूर आणि डोक्याच्या वर धरायचा, कारण समोरचा माणूस उजेडावर नेम धरतो. तिथल्या गस्तीच्या पोलिसांत मोठी बॅटरी मुठीत उलटी धरून खांद्यावर ठेवण्याचीही पद्धत होती. झोत कानाजवळून पुढे पडतो आणि हात वरून खाली यायला तयार असतो. या दुसऱ्या पद्धतीकडे पुढे परत यावे लागेल.

अंधारात पाहणे ही कायद्याचीही बाब आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्याची तरतूद आहे: तोंड झाकलेला, घरफोडीची हत्यारे बाळगणारा, समाधानकारक कारण न देता कुणाच्या आवारात सापडलेला. रात्रगस्तीच्या किती कारवाया या एका कलमाखाली होतात ते कुठल्याही पोलीस ठाण्याची डायरी सांगेल. तडीपार केलेला माणूस हद्दीत परत आला आहे का, हेही बहुधा रात्रीच सापडते. अशा वेळी चेहऱ्यावर पडलेला झोत हाच पुराव्याचा पहिला धागा असतो. खटला उभा राहिला की बचावाचा वकील नेमके तेच उकरतो. उजेड कुठला होता? बॅटरी कुणाची होती? ती जप्त केली का, पंचनाम्यात नोंद आहे का? किती अंतरावरून पाहिले? दरोड्याच्या खटल्यांत तर फिर्यादी सांगतो की दरोडेखोरांच्याच हातांत बॅटऱ्या होत्या. मग ज्याच्या डोळ्यांवर झोत होता त्याने झोतामागचा चेहरा कसा ओळखला, हा प्रश्न न्यायालये वारंवार विचारतात. बॅटरीचा उजेड एकतर्फी असतो. ती ज्याच्या हातात असते तो पाहतो आणि स्वतः दिसत नाही. पोलिसाच्या हातात आला की हा एकतर्फी उजेड अधिकाराचे रूप घेतो. झोपडीत झोपलेल्या माणसाला मध्यरात्री तोंडावर झोत मारून उठवले जाते तेव्हा त्याला आधी उजेड दिसतो, पोलीस मागून. रात्रपाळीच्या प्रत्येक शिपायाला हे शिकवायला हवे, की झोत आधी जमिनीवर, मग हातांवर आणि शेवटी चेहऱ्यावर. हातांत काय आहे हे पाहणे सुरक्षेचेही आहे आणि सभ्यतेचेही.

उपनगरांतल्या रात्रगस्तीची सर्वात मोठी कसोटी १९६८ मध्ये लागली. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगत उघड्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या एकोणीस जणांवर हल्ले झाले होते, त्यांतले नऊ जण मेले. संशयावरून रामन राघव नावाच्या माणसाला तेव्हा पकडले होते, पण पुरावा नव्हता. १९६८ मध्ये पुन्हा उपनगरांतल्या झोपड्यांत माणसे मारली जाऊ लागली. रात्री, झोपेत, डोक्यात जड वस्तू घालून. लोकांनी उघड्यावर झोपणे सोडले, तरुण पोरे काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन जागू लागली, आणि रात्री अनोळखी दिसलेल्या माणसाला जमावाचा मार बसू लागला. तपास गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी हाती घेतला. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी रामन राघवला पकडले ते डोंगरीत. जुने छायाचित्र आणि वर्णन त्यांच्या डोक्यात होते, त्यावरून त्यांनी त्याला ओळखले. रात्रभर पेटलेल्या असंख्य बॅटऱ्यांना जे जमले नाही ते एका अधिकाऱ्याच्या स्मरणाने केले. याचा अर्थ गस्त वाया गेली असा मी घेत नाही. गस्तीने वस्त्यांना धीर दिला, आणि धीर ही पोलिसाने द्यायचीच गोष्ट आहे. पण उजेडात दिसलेला चेहरा कुणाचा आहे हे आधी माहीत असावे लागते. बीटची, म्हणजे आपल्या गस्तीच्या भागाची, माहिती नसलेल्या शिपायाच्या हातात पाच सेलची बॅटरी दिली तरी त्याला फक्त माणसे दिसतील, त्यांतला सराईत कोण हे कळणार नाही.

आता रेल्वेमार्गाकडे वळतो, कारण बॅटरीचे सर्वात कष्टाचे काम तिथे होते आणि त्याची कुणी दखल घेत नाही. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे मरत. बहुतेक रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून. रात्री मोटरमनकडून किंवा गार्डकडून निरोप येतो की अमुक दोन स्थानकांच्या मध्ये कुणी पडले आहे. मग अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला लोहमार्ग पोलीस ठाण्याचा हवालदार स्ट्रेचर आणि हमाल घेऊन रुळांवरून चालू लागतो. खडीवर पाय घसरतो, बाजूच्या मार्गावरून गाड्या धडधडत असतात. माणूस जिवंत असेल तर एकेक मिनिट मोलाचे. मेला असेल तर ओळखीचा कागद, पास, डायरी, मोबाइल अंधारात खडीत शोधायचा. या कामाला दूरवर जाणारा सुईसारखा झोत लागत नाही. पायांपुढे सहा फूट पसरणारा, न थरथरणारा उजेड लागतो, आणि दोन्ही हात मोकळे लागतात. त्या हवालदारांना डोक्याला बांधायचे चांगले दिवे फार पूर्वी मिळायला हवे होते. गड चढणारी मुले ते लावून फिरतात, आणि रुळांवर मृतदेह उचलणारा माणूस मात्र बॅटरी दातांत धरून काम करतो, हे मला आजही बोचते.

दारूबंदीच्या काळाने उपनगरी पोलिसाला आणखी एका अंधारात ढकलले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हातभट्ट्या तिवरांत, खाडीकाठी, आरेच्या ओढ्यांत शिरल्या. रात्री छापा घालायचा म्हणजे गुडघाभर चिखलात बॅटरी विझवून चालायचे आणि वासावरून भट्टीजवळ पोचल्यावर एकदम सगळ्यांनी उजेड लावायचा. पिंपे चिखलात पुरलेली असत, ती सळईने टोचून शोधायची. २००४ च्या डिसेंबरमध्ये विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत शंभरहून अधिक. हा धंदा अंधारातला होता, पण तो चालू ठेवणारे दिवसाउजेडी वावरत होते.

जंगलाच्या कडेला पोलीस आणि वनरक्षक यांची कामे मिसळतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्याला बोरिवली, मुलुंड, भांडुप, आरे अशी वस्ती चिकटलेली. २००४ च्या जूनमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मेली त्या काळात वस्त्यांनी बॅटऱ्यांचा मारा सुरू केला होता. पुढे वनखाते आणि अभ्यासकांनी लोकांना समजावले ते वेगळे: रात्री चालताना बॅटरी जवळ ठेवा, मोठ्याने बोला, मुलांना एकटे सोडू नका, आणि बिबट्या दिसला तर त्याच्या मागे लागू नका, जाण्याची वाट मोकळी ठेवा. इथे उजेडाचे काम आपण आहोत हे त्याला कळवण्याचे आहे. घेरून त्याच्या डोळ्यांवर झोत रोखणे म्हणजे त्याला हल्ल्याकडे ढकलणे.

आता मघाच्या, खांद्यावर बॅटरी उलटी धरण्याच्या, दुसऱ्या पद्धतीकडे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विमानासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियमची केल-लाइट बॅटरी निघाली, ती पोलिसांना डोळ्यांपुढे ठेवूनच. पत्र्याची बॅटरी पडली की चेपायची. ही चेपत नव्हती. १९७९ मध्ये अँथनी मॅग्लिका यांनी मॅगलाइट आणली आणि ती पोलिसांची ओळखच होऊन बसली. चार-पाच मोठे सेल भरले की वजन किलोच्या पुढे. तिच्या मजबुतीची आजही वाहवा होते, संग्राहक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. पण त्या मजबुतीची दुसरी बाजू ५ नोव्हेंबर १९९२ रोजी डेट्रॉइटमध्ये दिसली. मॅलिस ग्रीन नावाच्या माणसाला पोलिसांनी बॅटरीने डोक्यावर मारले आणि तो मेला. दोन पोलिसांना त्यासाठी शिक्षा झाली. २००४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टॅनली मिलर याला खाली पाडल्यावर एका पोलिसाने बॅटरीने अकरा फटके मारले आणि ते दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिले. त्या शहराच्या पोलिसांनी मग धडा घेतला आणि २००७ मध्ये छोटी, हलकी, एलईडीची बॅटरी स्वतःसाठी बनवून घेतली. मारायला निरुपयोगी आणि पाहायला जुनीपेक्षा चांगली. पोलीस दलाने साधन बदलून वर्तन बदलण्याचा हा मला माहीत असलेला सर्वात सरळ प्रयत्न आहे.

मुंबईत मारण्याचे काम लाठीकडेच राहिले. लाठीचे अंतर, लाठीचे प्रशिक्षण, लाठी कुठे मारू नये याचे नियम, आणि लाठीच्या गैरवापराच्या तक्रारीसुद्धा वेगळ्या नोंदवल्या गेल्या. पितळी पत्र्याची बॅटरी मारायला वापरली तर पहिल्या फटक्यात बल्ब जातो, म्हणूनही ती वाचली असेल. आपल्याकडे जड बॅटरी आली ती वेगळ्याच रूपात. पोलिसांत तिला ड्रॅगन लाईट म्हणतात: वर मूठ, पुढे मोठा गोल दिवा आणि आत चार्ज होणारा शिसे-आम्लाचा सेल. केंद्राची पोलीस आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० पासून चालू आहे, आणि पोलीस ठाण्यांच्या सामानाच्या याद्यांत ड्रॅगन लाईट हमखास असतो. खाडीकाठी, टेकडीवर, नाकाबंदीवर तो उपयोगाचा आहे. पण तो ठाण्याच्या मालकीचा, जीपमध्ये ठेवायचा. पायी फिरणाऱ्या शिपायाच्या हाती तो येत नाही. त्याच्या हातातली बॅटरी बहुतेक वेळा त्याने स्वतः स्टेशनबाहेरच्या दुकानातून घेतलेली, आणि आता तर मोबाइलचा दिवा.

नाकाबंदीत उजेडाची झुंज कशी असते ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दिसले. पोलिसांनी चोरलेल्या स्कोडा गाडीला थांबवून पुढचे दिवे बंद करायला आणि आतला दिवा लावायला सांगितले. आतल्या दहशतवाद्याने उलट दिवे प्रखर केले आणि काचेवर पाणी सोडून वायपर चालू केले, म्हणजे बाहेरच्यांना आत दिसू नये. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली आणि दहशतवाद्यांतला कसाब जिवंत सापडला. मुलुंड चेकनाक्यावर, दहिसरला, घाटकोपरच्या महामार्गावर रोज रात्री हीच परिस्थिती लहान प्रमाणात असते: समोर गाडीचे प्रखर दिवे, आत कोण आहे माहीत नाही, आणि काचेवर झोत टाकणारा पोलीस. झोत काचेवर सरळ पडला तर परततो, बाजूने तिरका पडला तर आतले दिसते. हे साधे ज्ञान प्रत्येक नाक्यावरच्या नव्या शिपायाला पहिल्या दिवशीच मिळायला हवे.

आणि तरी बॅटरी हा दिव्याच्या खांबाला पर्याय नाही. १० सप्टेंबर २०२१ च्या पहाटे अंधेरीजवळच्या साकीनाक्यात एका महिलेवर बलात्कार आणि अमानुष अत्याचार झाला आणि ती वाचली नाही. एका रखवालदाराच्या फोनवर पोलीस दहा मिनिटांत पोचले होते. त्यानंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त हेमंत नगराळे यांनी जे आदेश दिले त्यांत गस्त वाढवणे होतेच, पण अंधाऱ्या आणि निर्जन जागांच्या याद्या करून तिथे दिवे बसवण्यासाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांजवळ पुरेसा उजेड ठेवणेही होते. पुढच्या वर्षी दिंडोशी न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा दिली. माझ्या मते त्या आदेशातली अंधाऱ्या जागांची यादी ही उपनगरांच्या रात्रगस्तीतली सर्वात महत्त्वाची नोंद आहे. ती दर पावसाळ्यानंतर नव्याने व्हायला हवी आणि पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात जाहीर लागायला हवी. रात्रपाळीचा शिपाई रोज अंधाराची मोजणी करत असतो. त्याची मोजणी कागदावर उतरली तर बॅटरीची गरज काही ठिकाणी तरी संपेल.

उजेड असला तरी तो धरणारा माणूस जागा असावा लागतो. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. बारा तासांच्या पाळीत पहाटे तीन वाजता पापण्या जड झालेल्या माणसाच्या हातात कितीही चांगला उजेड दिला तरी त्याला दिसणार काय? म्हणून पाळीच्या तासांचा प्रश्न बॅटरीच्या प्रश्नाहून मोठा आहे. साधनांबाबत मात्र मागणी आता महाग राहिलेली नाही. अंगठ्याएवढ्या लिथियम सेलवर चालणारी एलईडी बॅटरी जुन्या पाच सेलच्या नळीपेक्षा कितीतरी पट उजेड देते आणि पाण्यात भिजली तरी चालते. पायी गस्तीच्या प्रत्येक शिपायाला ठाण्याकडून अशी एक बॅटरी, पट्ट्याला तिची जागा, लोहमार्ग पोलिसांना डोक्याचा दिवा, आणि झोत कुठे टाकायचा याचे प्रशिक्षण, एवढे मिळाले तर काम भागेल. वजनदार बॅटरी मात्र पोलिसाच्या हातात देऊ नये. लॉस एंजेलिसने ती बदलून टाकली, त्यातून एवढे शिकावे.

राहिल्या जुन्या पितळी बॅटऱ्या. मरोळच्या, पंतनगरच्या पोलीस वसाहतींत, निवृत्त हवालदारांच्या बोरिवली-मुलुंडच्या घरांत अशा पुष्कळ पडल्या असतील. भंगारात पितळ किलोवर जाते आणि माळ्यावर सेल गळून ती सडते. तुमच्या घरी अशी बॅटरी असेल तर आधी सेल काढा, हिरवा थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसून ती कोरडी करा, आणि ज्यांनी ती वापरली ते हयात असतील तर त्यांना विचारून एका कागदावर त्यांचे पद, पोलीस ठाणे, बीट आणि सालांची नोंद करून नळीत सेलच्या जागी गुंडाळून ठेवा.